गाडी मॉडिफाय करताय? आरटीओ आणि पीयूसीच्या या चुका टाळा

गाडीत बदल करायला माझा विरोध नाही. माझ्या गॅरेजचा निम्मा धंदा जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्यावरच चालतो. डोकं फिरतं ते आधी काम उरकून मग "काका, आता पासिंगचं काय?" म्हणत येणाऱ्यांमुळे. ही मंडळी बहुधा पुण्यातल्या संगम पुलाजवळच्या आरटीओतून तोंड पाडून आलेली असतात. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, एक गाडी असते, बाहेर स्टँडवर दुसरीच.

कायदा फार किचकट नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर चढलेल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. इंधन बदलायचं, इंजिन बदलायचं, तर वाट आहे, पण परवानगी आधी आणि पाना नंतर. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये दंडही ठरला: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे नीट वाचा आणि मग तुमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून मोजा.

इंजिन बदलून गप्प बसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

यामाहाची आरएक्स १०० ही बाइक आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक आरएक्सची पंधरा वर्षांची नोंदणी कधीच संपली आहे आणि दर पाच वर्षांनी तिला नूतनीकरणासाठी निरीक्षकासमोर उभं राहावं लागतं. हे घेणाऱ्या पोरांच्या गावीही नसतं. त्यांना फक्त तो आवाज ऐकू येतो.

सिंहगड रोडचा एक मुलगा साताऱ्याकडून अशीच एक गाडी घेऊन आला. रंग झकास, क्रोम झकास, किक मारली की अर्धी गल्ली बाहेर येईल असा आवाज. आधीच्या मालकाने आत तिच्या मोठ्या भावाचं, आरएक्स १३५ चं, इंजिन बसवलं होतं, आणि ही गोष्ट विकताना कौतुकाने सांगितली होती. नूतनीकरणाची तारीख आली, पोरगा गाडी धुऊनपुसून तपासणीला घेऊन गेला. निरीक्षक साहेबांनी गाडी सुरूसुद्धा करायला सांगितली नाही. फडकं मागितलं, इंजिनच्या केसिंगवरची, म्हणजे बाहेरच्या कवचावरची, तेलकट धूळ पुसली आणि टॉर्च मारला.

कंपनीचा ठोकलेला नंबर कसा असतो ते एकदा नीट बघून ठेवा. अक्षरं एका उंचीची, एका खोलीची, आणि आजूबाजूला ओतीव धातूचा मूळ खरबरीतपणा तसाच. इथे नंबर आरसीप्रमाणेच होता, पण खालचा पट्टा आरशासारखा गुळगुळीत होता. ग्राइंडर फिरवल्यावर होतो तसा. वर एक आठ डावीकडे कलंडलेला, आणि शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल. साहेबांनी एवढंच विचारलं, "हा कोणी ठोकला?"

"मी तर अशीच घेतली" हे पोराचं उत्तर खरं होतं आणि बिनकामाचंही. घासलेला नंबर दिसला की प्रश्न नुसता आरटीओचा राहत नाही. हे इंजिन चोरीच्या गाडीचं नाही कशावरून, हा प्रश्न पुढे येतो आणि तो पोलीस विचारतात. विकणाऱ्याचा फोन त्याच दिवसापासून बंद. मूळ केसिंग कुठे गेलं ते देवाला ठाऊक, इंजिनचं बिल नाही, कसलाही कागद नाही. मग हा बहाद्दर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, नंबर जरा नीट ठोकून देता का? एका लेव्हलमध्ये." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"आम्ही केसिंग मूळचंच ठेवतो, नुसता ब्लॉक-पिस्टन मोठा घालतो" म्हणणारे स्वतःला हुशार समजतात. नंबर जुळतो हे खरं. पण आरसीवर ९८ सीसी लिहिलंय आणि आत १३२ आहेत. अपघात होऊन गाडी कोणी खोलली की विम्याच्या सर्व्हेअरला हे कळायला पाच मिनिटं लागत नाहीत.

जुनी गाडी बघायला जाताना माझ्या पिशवीत रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश, टॉर्च, पेन्सिल आणि पांढरा कागद असतो. नंबर साफ करायचा, कागद ठेवून वर पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा, आणि तो आरसीशी आणि एमपरिवहन ॲपवरच्या नोंदीशी ताडून बघायचा. इंजिनचा आणि चेसिसचा, दोन्ही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर मी गाडी घेत नाही आणि कोणाला घेऊ देत नाही. आणि एक हात जोडून विनंती: गंज काढायला नंबरवर पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश मारू नका. खरा नंबरसुद्धा घासलेला दिसायला लागतो, आणि मग तुमचा खरेपणा तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

इंजिन खरंच मेलं असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या, नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, आधी अर्ज करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही आधीच आणून ठेवा. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरून इंजिन उभं करता येतं, बिल उभं करता येत नाही. आणि तपासणी होऊन नवीन नंबर आरसीवर चढेपर्यंत जुनं इंजिन भंगारात घालू नका. हा नियम नाही, माझी सवय आहे.

पीयूसी म्हणजे पन्नास-शंभराची पावती समजणं

"पंपावरचं मशीन खराब आहे." हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा मशीन खरंच खराब असतं, तर पुण्यात एकालाही पीयूसी मिळाली नसती.

बीएस ६ (भारत स्टेज ६, प्रदूषणाच्या नियमांची सध्याची पायरी) बाइक, मूळ सायलेन्सर काढून त्या जागी आखूड, मोकळा सायलेन्सर. मालक एका केंद्रावर नापास झाला, दुसऱ्यावर झाला, मग चिडून माझ्याकडे. अरे बाबा, त्या मूळ सायलेन्सरच्या जोडीने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तूच काढून ठेवलास. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड यांना निवळवणारं यंत्र तेच होतं. ते गेल्यावर आकडे चढणार नाहीत तर काय? मूळ सायलेन्सर परत बसवला, नवी गॅस्केट घातली, विषय संपला. वर स्वारी म्हणते, "म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत!"

मर्यादा गाडीच्या वयाप्रमाणे बदलतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. बीएस ४ पेट्रोल कारला तोच ०.३ टक्के. शिवाय कारची दुसरी चाचणी २५०० आरपीएमच्या आसपास होते, तिथे लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो. एक्झॉस्टच्या जोडात बारीक फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हा आकडा बिघडतो. इंजिन ठणठणीत, गाडी नापास. म्हणून आधी इंजेक्टर साफ करायला पैसे घालू नका. थंड इंजिन सुरू करा, जोडापाशी हात धरा, फुसफुस लागते का बघा, मग बाकीचं.

टू-स्ट्रोकवाल्यांचं वेगळंच रडगाणं. धूर होतो म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी टाकतात. धूर कमी होतो, पिस्टन जातो. प्रमाण कंपनीने सांगितलं तेवढंच ठेवा आणि सायलेन्सरची आतली नळी काढून तिच्यावर बसलेला कार्बन साफ करा. ते काम घाण आहे, हात काळे होतात, म्हणून कोणाला नको असतं.

चाचणीला जाताना गाडी किमान पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम झालेली असू द्या. सकाळी पार्किंगमधून काढून थेट समोरच्या पंपावर नेलेली गाडी चोक ओढून उभी असते, ती काय पास होणार? एअर फिल्टर आणि प्लग आधी बघा. सर्व्हिसिंगनंतर पीयूसी, पीयूसीनंतर सर्व्हिसिंग नव्हे. डिझेलवाल्यांनी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्टचं वय तपासूनच जावं, कारण त्या चाचणीत ॲक्सिलरेटर तळाला टेकेपर्यंत दाबतात, आणि एकदाच नाही.

गाडी न नेता, नंबर प्लेटचा फोटो पाठवून पीयूसी आणणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलत नाही, रक्तदाब आहे. इतकंच सांगतो की प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं, आणि तो फोटो तिथे साक्षीला येत नाही. २०२१ पासून पीयूसीचा नमुना देशभर एकच आहे, वर क्यूआर कोड असतो आणि गाडी नापास झाली तर नापासाची चिठ्ठी देण्याची तरतूद आहे. चिठ्ठी मिळाली तर फाडू नका, मेकॅनिकला दाखवा. नेमका कोणता आकडा चढलाय ते कळलं की अर्धं काम होतं.

मुदत: नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस ४ आणि बीएस ६ ला वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिन्यांची.

सीएनजी बसवला, आरसी विसरली

वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची इमारत माहीत असते. सीएनजी किटला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी ती एक. त्या मान्यतेत किट कोणत्या गाड्यांना चालतं ते लिहिलेलं असतं आणि मान्यतेला तीन वर्षांची मुदत असते. फिटरला ते पत्र मागा. "सगळ्या गाड्यांना चालतं हो" असं म्हणाला तर किल्ली घ्या आणि निघा.

हडपसरच्या एका कुटुंबाने स्वस्तात किट बसवून घेतलं. फिटरने सांगितलं, आरसीवर चढवायची गरज नाही, उगाच खर्च. सगळं सुरळीत चाललं, आणि एक दिवस पंपावरच्या मुलाने बॉनेट उघडायला लावून सिलिंडरच्या तपासणीची पाटी मागितली. पाटी नव्हतीच. रांगेतून गाडी बाहेर, मागच्यांचे हॉर्न, गाडीत आजी आणि दोन नातवंडं. सिलिंडरमध्ये गॅस दोनशे बार दाबाने भरतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावीच लागते, आणि पाटी मागणारा पोरगा तुमचा शत्रू नाही.

किट बसवायच्या आधी परवानगी, मग तपासणी, मग आरसीवर इंधनाची नोंद, मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर किटची नोंद. यातली शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. विम्याचा हप्ता वाढेल म्हणून लपवायचं आणि क्लेम नाकारला की कंपनीला शिव्या घालायच्या, हे मला पटत नाही.

बाकीचं, पटापट

रंग बदलायचा असेल तर आधी परवानगी, कारण रंगही आरसीवर असतो. आणि मिलिटरी हिरवा अजिबात नाही. जीप आणि जिप्सीवाल्यांनो, खडकी-देहूरोडला राहता म्हणून सूट नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना, नियम १२१.

पुढचा लोखंडी बुल बार: केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच काढायला सांगितलाय.

फटाके फोडणारा बुलेटचा सायलेन्सर: पोलिसांनी जप्त केलेल्यांवर रोड रोलर फिरवला होता, त्याचे व्हिडिओ बघा आणि ठरवा.

नंबर प्लेटवर ४१४१ चं 'दादा' करू नका. दादा असाल तर लोकांना कळतंच.

चाल बदलणारे हॉर्न: नियम ११९ प्रमाणे बंद. शेजाऱ्यांच्या वतीनेही विनंती.

आरटीओच्या कामांसाठीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवरचा मोबाइल नंबर तुमचाच आहे का, हे अर्ज करायच्या आधी बघा. तो आधीच्या मालकाचा किंवा एजंटचा असतो, ओटीपी तिकडे जातो आणि तुम्ही इकडे कॉम्प्युटर बंद-चालू करत बसता. एजंटाला काम द्यायचं तर द्या, सगळेच लबाड नसतात. पण अर्ज काय भरलाय ते वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि बदल आधीच करून बसला असाल तर

मूळ भाग कुठे आहेत ते आधी शोधा. परत बसवून गाडी आरसीप्रमाणे करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण लोक मूळ सायलेन्सर, मूळ हेडलाइट, मूळ चाकं पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन विकून मोकळे होतात. हजार-दोन हजार मिळतात. परत घ्यायला गेलात की तेच भाग कितीतरी महाग पडतात, आणि जुन्या मॉडेलचे तर मिळतच नाहीत. माळ्यावर जागा नसेल तर पलंगाखाली ठेवा, ऑइल लावून, पोत्यात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून.