मधल्या डोंगराचा अंदाज कोणी देत नाही

जळगावहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण ६७ नॉटिकल मैल. सेसना १७२ या छोट्या विमानाला पाऊण तासाचं काम. मी जळगावला विमान उडवायला शिकवते. पहिल्यांदा एकटा क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर, निघालेला विद्यार्थी सकाळी दोन कागद घेऊन माझ्यासमोर येतो. इकडचं हवामान, तिकडचं हवामान. दोन्हीकडे बरं आहे, मॅडम, निघू का? मी विचारते, "आणि अजिंठ्याच्या डोंगरावर?" तिथला कागद त्याच्याकडे नसतो. तो कुणाकडेच नसतो, कारण हवामान खात्याचे विमान-अंदाज बहुतेक विमानतळांसाठी असतात आणि डोंगरावर विमानतळ नाही. तो तिसरा कागद आपला आपणच तयार करायचा. मी तो कसा करते ते इथे लिहिते.

सुरुवात आदल्या दोन दिवसांपासून. तेव्हा आकडे बघू नका, चित्र बघा. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, ते कुठे सरकतंय, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याला वादळी पावसाचा इशारा आहे का. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर हे सगळं असतं, इन्सॅटची उपग्रहचित्रंही असतात. चित्र एकटं बघू नका, मागची पाच-सहा एकापाठोपाठ बघा. एका चित्रात ढग दिसतो, सहा चित्रांत तो वाढतोय की विरतोय ते कळतं. मोबाइलवरच्या रंगीत ॲपलाही माझी मनाई नाही, वाऱ्याचा कल समजायला ती छान असतात. पण त्यामागचं युरोपीय मॉडेलसुद्धा जमीन सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींत बघतं. फर्दापूरच्या वरचा घाट त्यात कुठे उरणार?

आदल्या संध्याकाळी टाफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज. निघायच्या सकाळी ताजा टाफ आणि मेटार, म्हणजे त्या घटकेचं प्रत्यक्ष निरीक्षण. दोन्ही हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगवर मिळतात. संभाजीनगरसाठी व्हीएएयू हा विमानतळाचा कोड शोधा. शहराचं नाव बदललं तरी कोड तोच आहे. छोट्या विमानतळांवर निरीक्षण बरेचदा प्रवासी विमानांच्या वेळेपुरतंच होतं, म्हणून कागदावरची वेळ आधी बघा. ती वेळ आपली नसते. झेड म्हणजे जागतिक (यूटीसी) वेळ; ०२३० झेड म्हणजे आपले सकाळचे आठ. साडेपाच तास मिळवायला विसरून दुपारचं वादळ सकाळचं समजणारे आणि उलट समजणारे, दोन्ही मी बघितलेत.

मेटार मी विद्यार्थ्यांना मोठ्याने आणि मराठीत वाचायला लावते. सगळे हसतात, पण कोडची अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात आणि मराठीत म्हटलं की समोर आभाळ उभं राहतं. समजा सप्टेंबरातल्या एका सकाळी जळगावचं निरीक्षण असं आहे: पश्चिमेकडून ८ नॉट वारा, दृश्यता ६००० मीटर, विखुरलेले ढग १५०० फुटांवर, दाट ढग २५०० फुटांवर, तापमान २८, दवबिंदू २४, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब) १००८. इथे 'विखुरलेले' म्हणजे आभाळाचे आठ भाग केले तर तीन-चार भाग झाकलेले, 'दाट' म्हणजे पाच ते सात. विद्यार्थी म्हणतो, पंचवीसशे फूट म्हणजे भरपूर.

इथे कागद-पेन्सिल घ्या. मेटार आणि टाफमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ८५० फुटांवर आहे, म्हणजे दाट ढगांचा तळ ३३५० फुटांवर. नियंत्रित हवाई क्षेत्रात व्हीएफआर, म्हणजे नजरेने बाहेर बघत केलेल्या, उड्डाणाला ढगापासून उभं अंतर १००० फूट लागतं. माझे विद्यार्थी असतील तर मी ते सगळीकडेच पाळायला लावते. ३३५० मधून १००० गेले, राहिले २३५०. आणि अजिंठ्याच्या काठावरचे डोंगर आहेत पंचवीसशेच्या पुढे. फट संपली! आपण आखलेली ४५०० फुटांची उंची तर ढगांच्या आत गेली. खालचे १५०० फुटांवरचे विखुरलेले ढग याच हिशेबाने २३५० वर येतात, म्हणजे डोंगराच्या माथ्याखालीच. तापीच्या खोऱ्यात ते विखुरलेले दिसतील, पण दमट हवा उतारावरून वर ढकलली गेली की तेच तुकडे एकमेकांना चिकटतात आणि घाट पांढरा होतो.

आता तोच २५०० आकडा संभाजीनगरच्या कागदावर असेल तर? तिथला विमानतळ १९०० फुटांवर, म्हणजे ढगाचा तळ ४४०० वर. आकडा एकच, आभाळ वेगळं. म्हणून मी प्रत्येक ढगाची उंची समुद्रसपाटीपासूनची करून एकाच कागदावर मांडते, खाली डोंगराची रेघ ओढते आणि मधली फट बघते. तिसरा कागद म्हणतात तो हाच.

ढगांची उंची मिळालीच नाही तर तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला ४०० ने गुणा. वरच्या उदाहरणात २८ वजा २४, म्हणजे ४, म्हणजे १६०० फूट. हा ठोकताळा दिवसा चढणाऱ्या कापसासारख्या ढगांपुरता आहे, धुक्याला किंवा सपाट थराला लावू नका. पण निरीक्षण करणाऱ्याचे १५०० आणि आपले १६०० जुळले की कागदावर विश्वास बसतो.

टाफमध्ये तीन शब्दांवर थांबा. 'बीईसीएमजी' म्हणजे हवामान बदलेल आणि बदललेलं राहील. 'टेम्पो' म्हणजे येऊन जाऊन, एका वेळी तासाभराच्या आत. 'प्रॉब ३०' म्हणजे शक्यता तीस टक्के. विद्यार्थ्यांना तीस टक्के म्हणजे सत्तर टक्के मोकळं असं वाटतं. पण तीसच्या खालची शक्यता टाफमध्ये लिहितच नाहीत, म्हणजे लिहिणाऱ्याला ती दखल घेण्याजोगी वाटली म्हणून ती तिथे आहे. टेम्पोमध्ये गडगडाटी वादळ असेल आणि तो काळ माझ्या पोचण्याच्या वेळेवर येत असेल, तर माझ्यासाठी त्या काळात विमानतळ बंद. परतीचं पेट्रोल टाकीत आहे का, हा पुढचा प्रश्न. आणखी एक: टाफ हा विमानतळाच्या आसपासच्या आठ-एक किलोमीटरचाच अंदाज असतो. डोंगरापलीकडचं, वाटेतलं सिल्लोड त्यात येत नाही.

मग फोन. हवामान कार्यालयात ड्युटीवरच्या माणसाशी बोलायला पोरं लाजतात. "हवामान कसं आहे?" असं विचारू नका. "जळगाव ते संभाजीनगर, व्हीएफआर, साडेचार हजार फूट, निघणार साडेआठला, डोंगरावर काय दिसतंय?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. घाटाकडचं म्हणाल तर मी अजिंठा गावाकडच्या ओळखीच्या एका दुकानदारालाही फोन करते. त्याला एकच विचारायचं: समोरचा डोंगर दिसतोय का? याला कुठल्याही नियमावलीत जागा नाही, आणि निघायचं की नाही ते मी यावर ठरवत नाही. पण तो "नाही" म्हणाला तर थांबते.

ऋतूंचं थोडक्यात. थंडीत तापीकाठच्या केळीच्या बागांवर सकाळी धुकट पसरतं आणि नऊ-दहापर्यंत दृश्यता ५ किलोमीटरच्या आत राहू शकते. घाई न करता चहा घ्या, बहुतेक वेळा ऊन काम करतं. जुलै-ऑगस्टात घाट कित्येक दिवस झाकलेलाच असतो, तेव्हा सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांचा, सराव करा.

एप्रिल-मे मात्र फसवा. सकाळी आभाळ निळंशार, दुपारी तीनला वळीव. त्यातही धोका पावसाचा कमी आणि त्याच्या पुढे धावणाऱ्या वाऱ्याचा जास्त. धुळीची भिंत येते आणि वारा काही मिनिटांत दिशा बदलतो. अशा ढगापासून २० नॉटिकल मैल लांब राहायचं. रडारचं चित्र रिकामं दिसलं तर आधी ते रडार कुठे आहे ते बघा. पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरवर जाता जाता त्याचा झोत इतका उंच जातो की खालचा ढग त्याला दिसतच नाही. आणि खानदेशातला उन्हाळा म्हणजे तापमान हेच हवामान. ४३ अंश आणि क्यूएनएच १००४ असताना हवा इतकी विरळ असते की आमच्या धावपट्टीवर विमानाला आपण जवळजवळ पावणेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. धावपट्टी लांब लागते, चढाई मंदावते, आणि पुढे डोंगर. विमानाच्या पुस्तकातले तक्ते त्या दिवशीच्या तापमानाला उघडा, १५ अंशांच्या ओळीला नाही. मे महिन्यात मी साडेसहाला चाकं उचलते.

सगळं जमलं तरी परत कुठून फिरायचं ते जमिनीवरच ठरवा. आम्ही रस्ता धरून जातो: नेरी, पहूर, फर्दापूर, घाट, मग सिल्लोड, फुलंब्री. माझा निर्णयाचा ठिपका पहूर. तिथून डोंगराचा माथा स्वच्छ दिसला नाही तर वळायचं. काही वर्षांपूर्वी एका सप्टेंबरात मी तो ठिपका ओलांडून पुढे गेले होते. फर्दापूरच्या वर ढगाखालून पलीकडचा उजेड दिसत होता, हिरवी शेतं दिसत होती, दोन मिनिटांत पार होऊ असं वाटलं. उजेड तिथेच राहिला आणि खालची जमीन मात्र वर येत गेली. डावीकडे वळले तेव्हा खालच्या झाडांवरची माकडं मोजता आली असती. विद्यार्थी काही बोलला नाही. जळगावला उतरल्यावर त्याने फक्त विचारलं, "मॅडम, संभाजीनगरला हवामान चांगलं होतं ना?" होतं. अगदी छान होतं.

परतीच्या प्रवासासाठी पुन्हा पहिल्यापासून. सकाळचा कागद दुपारी चालत नाही. संभाजीनगरला उतरल्यावर विमान दोराने बांधा, नवा मेटार काढा, नवा टाफ काढा, जळगावला फोन करा, नवी फट मोजा. उन्हाळ्यात दुपारी दोनला पश्चिमेला ढगांचे मनोरे दिसले तर मुक्काम. एकट्याने निघणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत टूथब्रश आहे का, ते मी निघण्यापूर्वी उघडून बघते.