ब्रेक दाबला की गाडी थरथरते? आधी पुढचं की मागचं ते शोधा

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक (फिरत्या गोल डब्याला आतून लायनर, म्हणजे घासणारा थर, दाबतो) असतात, त्यामुळे ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढचं काम, आणि सीट नि पेडल थरथरलं तर मागच्या ड्रमवर संशय घ्यायचा. खात्री करायला मोकळ्या सरळ रस्त्यावर ३० च्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचू नका हं, मागची चाकं लॉक होतील. थरथर आली म्हणजे मागचंच, कारण हँडब्रेक फक्त मागे लागतो.

मग पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागून जॅक लावून स्टँडवर घ्या आणि चाक हाताने फिरवा. एकाच जागी खर्र करून परत मोकळं फिरतंय, तर ड्रम ओव्हल झालाय, म्हणजे गोल राहिला नाहीये. चाक हलवून बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण बघा. ड्रम काढल्यावर आत निळे डाग दिसले तर तो तापलाय, लायनर ओला असेल तर व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) गळतोय. धूळ फुंकू नका प्लीज, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. लेथवर टर्निंग (ड्रम आतून घासून गोल करणं) करायच्या आधी ड्रमवर कोरलेलं आतल्या व्यासाचं मॅक्सिमम माप बघा, त्याच्यापुढे जात असेल किंवा चीर दिसली तर सरळ नवीन ड्रम टाका.