शिबिरात मुलं रडली म्हणजे श्रद्धा रुजली? चर्चचं युवा मंडळ चालवताना या चुका टाळा

नाताळच्या कॅरलला पोरं टेम्पोत मावत नाहीत आणि प्रायश्चित्त काळातल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) दुसऱ्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चारजण येतात. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ही तक्रार ऐकू येते आणि खापर फुटतं मोबाइलवर. मोबाइलचा दोष असेलही, पण खालच्या चुका मोबाइल करत नाही.

शिबिराच्या रात्रीवर सगळी भिस्त

ही चूक सगळ्यात उत्साही नेते करतात. तीन दिवसांचं शिबिर असतं. दुसऱ्या रात्री दिवे बंद, मेणबत्त्या पेटलेल्या, कीबोर्डवर एकच चाल अर्धा तास, आणि पाप चिठ्ठीवर लिहून शेकोटीत टाकायचं. एक मुलगी रडते, मग तिची मैत्रीण, मग अख्खी रांग. व्हिडिओ रात्रीच ग्रुपवर येतो: 'पवित्र आत्म्याने स्पर्श केला!'

केलाही असेल. पण आधी साधा हिशोब मांडा. दोन रात्री जेमतेम चार-चार तास झोप, घरापासून दूर, अंधार, संगीत, शेजारी रडणारा मित्र. पंधरा वर्षांचं कुणीही अशा वेळी रडेल, समोर वेदी असो वा नसो. सोमवारी क्लास, लोकलची गर्दी, घरातली तीच भांडणं सुरू होतात आणि तो उमाळा ओसरतो. तो ओसरणारच होता, पण मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. मग तो दोनच निष्कर्ष काढतो: देव निघून गेला, किंवा मी नाटक केलं. पुढच्या शिबिरात तोच मुलगा हाताची घडी घालून मागच्या भिंतीला टेकून उभा दिसतो, आणि नेते म्हणतात, 'हा बिघडला.'

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. साडेदहाला दिवे बंद करून मुलांना झोपवा. गंभीर सत्र सकाळी, न्याहारीनंतर, उजेडात घ्या. कन्फेशनसाठी, म्हणजे पापांची कबुली ऐकायला, फादर दिवसभर उपलब्ध ठेवा, म्हणजे रांगेचं दडपण राहत नाही. शेवटच्या सत्रात स्पष्ट सांगा, 'आज जे वाटतंय ते आठवड्याभरात कमी होईल, घाबरू नका.' आणि शिबिराची तारीख ठरवतानाच पुढच्या आठ शनिवारांच्या तारखा छापा. मार्कच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत; आठवड्याला दोन धरले की आठ आठवड्यांत संपतात. सहा-सात मुलांचा गट, पाऊण तास, वाचन, तीन मिनिटं शांतता, मग एकच प्रश्न: 'कुठलं वाक्य अडलं?' हे आठ शनिवार जमत नसतील तर शिबिरही घेऊ नका.

हजेरीचं कार्ड. दृढीकरणासाठी (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्कारासाठी) मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आल्याच्या सह्या गोळा करायला लावल्या की मुलं सह्या गोळा करतात. संस्कार झाल्यावर कार्ड संपतं, मुलंही.

गिटार. छान आहे. चार गाणी पुरे.

शंकेला झटपट उत्तर

'नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, तरी आजी का गेली?' या प्रश्नाला 'देवाची इच्छा' हे उत्तर तीन सेकंदांत देता येतं आणि पुढची तीन वर्षं तो मुलगा काही विचारत नाही. नवख्या नेत्यांना शांतता सहन होत नाही, हे यामागचं खरं कारण. योहानाच्या विसाव्या अध्यायातला थोमा बघा. येशू मरणातून उठला यावर त्याने 'विश्वास ठेवणार नाही' म्हटल्यावर आठ दिवसांनी येशू आला, आणि तेव्हा थोमा इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. ते आठ दिवस सांभाळणं हेच आपलं काम.

बिस्किटाचा रिकामा डबा ठेवा. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या आणि उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, त्याच दिवशी नाही. विज्ञानाचे प्रश्न येतील, तेव्हा विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे सांगा. वर्गातली निम्मी भीती तिथेच जाते. गणपतीत मित्राने मोदक दिला तर खायचा का, हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी येतो. तोंडपाठ हो-नाही फेकू नका. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय मुलांबरोबर वाचा. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, हाच वाद तिथे आहे, आणि पौल दोन्ही बाजू तपासतो.

भाषा. शाळा इंग्रजीत, मिस्सा मराठीत, घरी कादोडी, वाडवळी किंवा मालवणी. मुलगा प्रार्थना करताना तिसऱ्याच कुणासारखा बोलतो. उतारा मराठीत वाचून घ्या आणि मग आईला सांगतोस तसा सांग म्हणा. हसतील. हसू द्या. शब्द आपल्या तोंडात बसले की अर्थ आपला होतो.

संतांचे पोस्टर. गोन्सालो गार्सिया वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला, १८६२ मध्ये संत घोषित झाला. एवढं सांगून थांबणं म्हणजे मुलांच्या हातात फक्त शेवटचं पान देणं. कोवळ्या वयात तो जेझुइट या धर्मसंघाच्या लोकांबरोबर जपानला गेला, त्या संघात प्रवेश मिळाला नाही, व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा बंधू झाला. दहावीनंतर काय, या काळजीतल्या मुलाला हा मधला भाग हवा असतो.

एकट्याने भेटणं. यावर चर्चा नाही. दोन प्रौढ हजर, दार उघडं, रात्री उशिराचे खासगी मेसेज बंद. अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी मंडळात बोलू' हा पर्याय नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला आधीच देऊन बसू नका.

परीक्षेचा मोसम. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बैठकीला ओढू नका आणि 'देवापेक्षा अभ्यास मोठा का?' असा टोमणा तर अजिबात नको. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी घरी जा, आईबापांसमोर पाच मिनिटं प्रार्थना करा आणि निघा. चहाला थांबू नका, पोराला उजळणी करायची असते.