हृदयाचा ताल आणि हृदयविकार : आपला धोका घरी कसा ओळखावा

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता पुष्कळ घरांत आले आहे. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहण्याची सवय मात्र फारशी कुणाला उरलेली नाही. ती पुन्हा लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या तालाचा नेहमी आढळणारा बिघाड अनेकांना काहीही त्रास न देता चालू राहतो. त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तेथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो.

नाडी पाहण्याआधी ५ मिनिटे शांत बसावे. तळहात वर करून मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, दुसऱ्या हाताची तर्जनी व मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. ठोके पूर्ण १ मिनिट मोजावेत. १५ सेकंद मोजून ४ ने गुणणे येथे कामाचे नाही, कारण संख्येइतकेच ठोक्यांमधले अंतरही पाहायचे असते. एखादा ठोका मधूनच चुकणे निरोगी माणसातही आढळते. पण दोन ठोके जवळजवळ, पुढचा उशिरा, मग तीन घाईने, असा कसलाच मेळ नसलेला क्रम जाणवला, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा. बिघाड येऊन-जाऊन होत असेल, तर साध्या ईसीजीत तो सुटू शकतो. अशा वेळी २४ तासांची होल्टर तपासणी, म्हणजे अंगावर छोटे यंत्र लावून हृदयाच्या तालाची सलग नोंद, सुचवली जाते.

वय ६५ च्या पुढे असेल, तर ही तपासणी अधिक नेमाने करावी. वय आपल्या हातात नाही, परंतु उच्च रक्तदाब आटोक्यात ठेवणे हातात आहे, आणि ताल बिघडणे, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात या तिन्हींमागे तो असतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी, पाठ टेकून बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. घरी मोजलेला दाब वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डोके दुखण्याची वाट पाहू नये. नाडी अनियमित असताना स्वयंचलित यंत्राचे आकडे फसवे येऊ शकतात, हेही ध्यानात असावे.

मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि पोटावरची चरबी यांची नोंद त्याच वहीत करावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरपुढे गेल्यास भारतीयांसाठी तो जास्तच समजला जातो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी पुरुषाला ५५ च्या आत अथवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही लिहावे. तंबाखूबद्दल विचारले की बहुतेक जण सिगारेट-विडीचाच विचार करतात. मिश्री लावणाऱ्या आजीला आपण तंबाखू सेवन करतो असे वाटतच नाही, आणि म्हणून ती डॉक्टरांनाही सांगत नाही. मिश्रीतले निकोटिनही नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते.

दारू, थायरॉईडचा अतिरेकी स्राव, आणि मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबणे, ही ताल बिघडण्याची दुर्लक्षित कारणे. घोरणे स्वतःला कळत नाही, म्हणून ते घरच्यांना विचारावे. आपल्याकडे आणखी एक कारण आहे : लहानपणी घसा दुखून नंतर आलेला संधिवाताचा ताप, ज्यामुळे हृदयाची झडप खराब होऊ शकते. तरुण स्त्रीला दम लागत असेल आणि धडधड होत असेल, तर तो केवळ अशक्तपणा मानून सोडू नये.

एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाल्यास रक्त पातळ करणारे औषध हवे की नाही, हे डॉक्टर वय व इतर आजार पाहून ठरवतात. त्याऐवजी ॲस्पिरिन घेऊन भागत नाही, आणि चालू केलेले औषध बरे वाटते म्हणून बंद करू नये. छातीत दाब, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात अचानक लुळा पडणे, यांपैकी काहीही घडले तर नाडी मोजत न बसता १०८ क्रमांकावर फोन करावा.