सीमापार वीजवाहिनीचा खर्च वाटताना या चुका टाळा

ज्याच्या हद्दीत जितके किलोमीटर, त्याच्या माथी तितका खर्च, हा हिशेब सोपा असल्यामुळे नवख्यांना भुरळ घालतो. पण वाहिनी कोणाच्या जमिनीवर आहे, यावरून तिचा फायदा कोणाला होतो हे ठरत नाही. आयर्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या 700 मेगावॅटच्या सेल्टिक वाहिनीचा खर्च दोन्ही नियामकांनी 2019 मध्ये 65 आणि 35 टक्के असा वाटला, कारण लाभाचे पारडे आयर्लंडकडे झुकलेले होते.

लाभ मोजतानाची एक चूक मात्र मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तक्ता उघडताच प्रथम तीच शोधतो. एका प्रस्तावात दोन देशांच्या आजच्या दरांतील तफावत वाहिनीच्या क्षमतेने गुणून तिलाच वार्षिक उत्पन्नाचा पाया मानले होते. आकडे सोपे करून सांगायचे, तर स्वस्त बाजूस दर मेगावॅट-तासाला 40 युरो, महाग बाजूस 70 आणि क्षमता 700 मेगावॅट, म्हणून तासाला 21,000 युरो. परंतु वाहिनी सुरू झाली की दर जवळ येतात. ते 48 आणि 62 झाले, तर हीच मिळकत 9,800 युरोंवर येते. शिवाय स्वस्त देशातील उत्पादकांचा वाढीव नफा मांडला होता आणि तिथल्या ग्राहकांचे वाढलेले बिल वगळले होते. त्या देशाच्या नियामकाला हे कळताच वाटाघाटी पुन्हा पहिल्या पानावर आल्या. म्हणून मी उत्पादक, ग्राहक आणि वाहिनीची मिळकत असे तीन रकाने प्रत्येक देशासाठी वेगळे ठेवल्याशिवाय टक्केवारीला हातच घालत नाही. घाईत निम्मे-निम्मे करून मोकळे होणाऱ्यांना हे किचकट वाटते, वाटू द्यावे.

शेजारच्या तिसऱ्या देशाला विसरू नये. वीज त्याच्या जाळ्यातूनही वाहते. इतरांची वीज आपल्या जाळ्यातून वाहू देणाऱ्यांना भरपाई देणाऱ्या, युरोपातील पारेषण कंपन्यांमधील निधीवर भिस्त ठेवू नये, कारण पायाभूत सुविधांसाठी त्यातील वार्षिक रक्कम 10 कोटी युरो इतकीच ठरलेली आहे आणि ती साऱ्या जाळ्यासाठी आहे. अनुदानही आधीच मिळाले असे धरू नये.

वाढीव खर्चाचे कलम शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवणे हा तर निव्वळ आळस आहे. केबल महागली किंवा काम लांबले, तर वरचा भार मूळ टक्केवारीनेच वाटायचा की एका मर्यादेनंतर वेगळ्या सूत्राने, हे करारातच लिहावे.