शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याचा कार्यपरिचय कसा लिहावा

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत समितीची मुदत संपते, पालकसभा बोलावली जाते आणि मावळत्या सदस्यांविषयी दोन शब्द बोलण्याची वेळ येते. तेव्हा बहुधा ‘धडाडीचे’, ‘शिक्षणप्रेमी’, ‘दानशूर’ एवढ्यावरच भागवले जाते. सभेला आलेल्या पालकांना मात्र पुढची निवड करायची असते, आणि त्यासाठी कोणी नेमके काय केले हे त्यांना कळायला हवे. असे काही परिचय मी लिहिले आहेत. त्यांतून जी रीत माझ्या हाती बसली, ती येथे मांडतो.

लेखनाला बसण्यापूर्वी पद समजून घ्यावे. जुनी माणसे आजही ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डांचा तो काळ संपला, तरी सदस्य म्हणजे वरून हुकूम देणारा माणूस ही समजूत काही ठिकाणी टिकून आहे. आजची समिती बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम २१ नुसार स्थापन होते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही समितीची मुख्य कामे आहेत. ‘यांनी शिक्षकांच्या बदल्या करून दाखवल्या’ असे कोणी सांगू लागले, तर ते वाक्य परिचयात घेऊ नये, कारण बदलीचा अधिकार समितीकडे नाही.

पार्श्वभूमीचा भाग थोडक्यात पण मोकळेपणाने लिहावा. सदस्याचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असेल तर ते झाकू नये; शाळा का सुटली आणि आता शाळेच्या कामात का पडावेसे वाटले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिले की परिचयाला आपोआप वजन येते. उपजीविकेचा उल्लेख आवर्जून करावा. मजुरीवर जाणारी आई सभेच्या दिवशी अर्धा रोज बुडवून येत असेल, तर ती सार्वजनिक सेवाच आहे आणि ती तशीच नोंदली गेली पाहिजे. बचतगट, ग्रामपंचायत, पाणलोटाचे काम असा पूर्वानुभव असल्यास त्याचे वर्ष आणि त्यातील जबाबदारी द्यावी. नुसती पदांची माळ देऊ नये.

खरा वेळ इतिवृत्तासाठी राखून ठेवावा. इतिवृत्ताची वही मुख्याध्यापकांकडे असते. ती मागून घ्यावी, शाळेतच बसून सलग वाचावी आणि सोबत कागदावर चार रकाने आखावेत: सभेची तारीख, सदस्य हजर होते का, त्यांनी मांडलेला किंवा अनुमोदन दिलेला ठराव, आणि त्या ठरावाचे पुढे काय झाले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर बहुतेक वेळा पुढच्या सभेच्या पहिल्या विषयात सापडते, कारण मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करताना अपुऱ्या कामांची चर्चा निघते. वही न वाचता लिहिण्याची चूक मी एकदा केली आहे. पाण्याच्या टाकीचे सारे श्रेय मी एका सदस्यांना दिले. परिचय सभेत वाचला गेला तेव्हा मागच्या रांगेतील एक आई उठून म्हणाली, “पहिला अर्ज मी दिला होता.” वही उघडली, तर सूचक म्हणून तिचेच नाव होते. त्या दिवसापासून सूचक आणि अनुमोदक यांची नावे पाहिल्याशिवाय मी एकही वाक्य लिहीत नाही.

वहीतील सही म्हणजे उपस्थिती, असेही धरून चालू नये. स्त्री सदस्यांच्या बाबतीत तर विशेष जपून चौकशी करावी, कारण काही ठिकाणी सही तिची असते आणि सभेत पती बसलेले असतात. अशा वेळी तिला दोष न देता तिच्याशी स्वतंत्रपणे, शक्यतो दुसऱ्या एखाद्या आईच्या सोबतीने बोलावे. अनेकदा असे दिसते की सभेत न बोललेल्या या बाईने रोज शाळेत जाऊन पोषण आहाराची चव घेतली आहे, तांदूळ पहिली ते पाचवीसाठी दरडोई १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम या प्रमाणात शिजतो की नाही हे पाहिले आहे आणि चव नोंदवहीत तशी नोंदही केली आहे. तिचे काम त्या वहीतून शोधून परिचयात आणणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

पैशाविषयी लिहिताना शासनाचे अनुदान, लोकवर्गणी आणि सदस्याने स्वतः दिलेली देणगी या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शासकीय निधीतून बांधलेल्या स्वच्छतागृहाला कोणाचेही ‘योगदान’ म्हणू नये. मात्र मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे असे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे हे दाखवून ज्याने तो विषय चार सभा लावून धरला, त्याचा पाठपुरावा तारखांसह लिहावा. देणगी दिली असल्यास पावती पाहावी. नोंदी पाहायला मिळत नसतील तर आधी लेखी विनंती करावी, आणि तेवढ्यानेही काम झाले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्यावर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझा अनुभव असा की शांतपणे कारण सांगितले तर अर्जापर्यंत क्वचितच जावे लागते.

वाक्यरचनेचे एक उदाहरण देतो. ‘यांनी गळती रोखण्यासाठी अथक प्रयत्न केले’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. समजा, सदस्य ऊसतोडीला जाणाऱ्या गावातील आहेत. तर त्यांनी दिवाळीनंतर किती घरी जाऊन पालकांशी बोलणे केले, त्यांपैकी किती मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली आणि वर्षअखेरीस हजेरीपटावर किती होती, हे तीन आकडे लिहावेत. आकडे लहान असले तरी ते फुगवू नयेत. न झालेली कामेही नोंदवावीत. संरक्षक भिंतीचा प्रस्ताव पाठवला पण मंजूर झाला नाही, हे कळले तर पुढच्या समितीला काम तेथूनच उचलता येते.

मुलांची नावे, जातीचे दाखले, आजारपण, घरातील कर्ज आणि भ्रमणध्वनी क्रमांक यांतील काहीही परिचयात येऊ देऊ नये, सदस्यांनी स्वतः सांगितले असले तरी. मसुदा पूर्ण झाल्यावर तो सदस्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, कारण सर्वांनाच वाचता येते असे नसते. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती नोंदींशी जुळत असेल तरच करावी. मग मुख्याध्यापक आणि समितीबाहेरील दोन पालक यांच्याकडून तो तपासून घ्यावा, खाली लेखनाची तारीख आणि पाहिलेल्या वह्यांची नावे लिहावीत, आणि एक प्रत इतिवृत्ताच्या वहीला जोडून शाळेच्या दप्तरी ठेवावी.