पगारी वेळेतला शिक्षणाचा तास: तो कसा मागावा आणि कसा वापरावा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी पाळी सुटल्यावर भरवलेले वर्ग मी जवळून पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात बसायला जागा नसते, महिनाभरात मोजकी माणसे उरतात, आणि घरी जाऊन चूल पेटवायची असते त्या बायका पहिल्या दिवसापासूनच येऊ शकत नाहीत. शिकण्याची ओढ असते, पण अंगात त्राण उरलेले नसते. म्हणून हा तास पाळीच्या आतच हवा आणि त्याचा पगार मिळायला हवा.

ही मागणी अवाजवी मुळीच नाही. इटलीतील धातू उद्योगातल्या कामगारांनी १९७३ च्या करारात तीन वर्षांसाठी १५० पगारी तास मिळवले आणि त्यांतून अनेकांनी अर्धवट सुटलेली शाळा पूर्ण केली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी शैक्षणिक रजेचा ठराव संमत केला. त्यात कामाच्या प्रशिक्षणाबरोबर सामान्य आणि नागरी शिक्षणही धरलेले आहे.

व्यवस्थापनाकडे जाताना हिशेब मांडूनच जावे. आठवड्याच्या ४८ तासांतला एक तास म्हणजे जेमतेम दोन टक्के वेळ. विभागात वीस माणसे असतील तर पाच-पाच जणांच्या चार तुकड्या करून त्यांना वेगवेगळे वार द्यावेत, म्हणजे एका वेळी पाचच जण यंत्रापासून दूर राहतात. ‘काम नसेल तेव्हा शिका’ ही सवलत मात्र स्वीकारू नये, कारण तशी वेळ कधी येतच नाही. वार आणि वेळ ठरवून घ्यावी. शक्यतो पाळीचा पहिला तास मागावा, तेव्हा डोके ताजे असते.

जे ठरेल ते वेतन करारात किंवा निदान सही-शिक्क्याच्या पत्रात यावे. हा तास हजेरीत पूर्ण धरला जाईल, त्या दिवसाचे उत्पादनाचे टार्गेट त्या प्रमाणात कमी होईल आणि कंत्राटी कामगारांनाही तो मिळेल, हे त्यात स्पष्ट असावे. टार्गेटचा उल्लेख राहून गेला, तर शिकलेला तास जेवणाच्या सुट्टीतून वसूल होतो. सुरक्षिततेचे प्रशिक्षण या तासात घुसवू देऊ नये. ते देणे ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे.

पहिल्या वर्गात काय शिकवावे, याबद्दल माझे मत ठाम आहे: प्रत्येकाने आपली पगार स्लिप घेऊन यावे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये असतील, तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जायला हवेत. एकूण वेतन १६,००० असेल, तर कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १२० रुपये. हे आकडे कामगाराने स्वतः पेन्सिलीने मांडून स्लिपवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत. टक्केवारीला घाबरणारा माणूस स्वतःच्या पगारावर ती दहा मिनिटांत शिकतो.

त्यानंतरचे विषय कामगारांनीच निवडावेत. कोणाला यंत्रभागाचे ड्रॉइंग वाचायचे असेल, कोणाला व्हर्नियर या मोजण्याच्या साधनाने माप अचूक घ्यायचे असेल, तर कोणाला मुलीच्या शाळेतले इंग्रजी समजून घ्यायचे असेल. तिसरी गरज पहिल्या दोन गरजांइतकीच रास्त आहे, आणि यंत्राच्या उपयोगाचे तेवढेच शिक्षण द्यावे, हा आग्रह मला मान्य नाही. ज्यांना पदवी हवी आहे, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकातच आहे. त्यांनी हा तास तेथील पुस्तके वाचण्यासाठी वापरावा. कामगारांचे हक्क शिकवायला बाहेरचा माणूस हवा असेल, तर १९५८ पासून काम करणाऱ्या आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाकडे मागणी करावी. त्याचे आजचे नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ असे आहे आणि ते कारखान्यातही वर्ग घेते.

वर्गाची वही वेगळी ठेवावी: तारीख, विषय, कोण आले, कोणाला कामावरून का सोडले नाही. सलग दोनदा एकाच विभागाची माणसे गैरहजर दिसली, तर त्यांना विचारण्याआधी त्यांच्या सुपरवायझरला विचारावे.